कावळा बसला म्हणूनच फांदी तुटली का?

मागच्या सत्रात आमच्या डॉर्ममधून एक घड्याळ नाहीसं झालं. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मित्राचं ते घड्याळ. त्याला ते त्याच्या वडिलांनी वाढदिवसाला दिलं होतं. त्याच आठवड्यात सातवीतला एक कॅडेट दुसऱ्या डॉर्ममधून आमच्याकडे आला होता. रात्री प्रेपनंतर सगळे ट्रंका उघडून शोधत होते, तेव्हा मी म्हणालो, "इतके महिने इथून काही गेलं नाही. हा आला आणि घड्याळ गेलं."

मी एवढंच म्हणालो. 'चोर' हा शब्द माझ्या तोंडून निघालाही नाही. पण पुढचे चार दिवस त्या मुलाशी डॉर्ममध्ये कोणी बोललं नाही. मेसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. पाचव्या दिवशी धोब्याकडून कपड्यांचं गाठोडं परत आलं आणि घड्याळ मित्राच्याच ट्रॅकपँटच्या खिशात सापडलं. काचेच्या आत पाणी गेलं होतं. सगळे हसले. तो मुलगा हसला नाही.

हिवाळ्याच्या सुट्टीत मी घरी आलो. बाबांची दिल्लीला बदली झाल्यापासून आम्ही द्वारकेत राहतो. साताऱ्याहून आजी-आजोबा आले होते. आजोबांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. त्यांना मी ही गोष्ट सांगितली. मला वाटलं, ते रागावतील. ते म्हणाले, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की लोक कावळ्याला धरतात. तू तेच केलंस. आता हे तुझ्याकडून का झालं, ते शोध." आणि त्यांनी मला एक शंभर पानी वही दिली. सुट्टीभर घरात, सोसायटीत, मेट्रोत जे वाद ऐकू येतील ते लिहायचे. एका रकान्यात निष्कर्ष, दुसऱ्यात त्यासाठी दिलेलं कारण आणि तिसऱ्यात एकच प्रश्न: कारण निष्कर्षापर्यंत पोचतं का?

हा लेख त्या वहीतून काढला आहे.

तर्कदोष म्हणजे काय?

कोणत्याही युक्तिवादात दोन गोष्टी असतात: जे पटवायचं आहे ते, आणि त्यासाठी दिलेलं कारण. या दोहोंच्या मध्ये 'म्हणून' हा शब्द असतो. तर्कदोष बहुतेक वेळा त्या 'म्हणून'मध्ये असतो. माझंच वाक्य पाहा. मुलगा डॉर्ममध्ये आला होता, हे खरं. घड्याळ गेलं होतं, हेही खरं. खोटं होतं ते मधलं 'म्हणून', आणि ते तर मी उच्चारलंही नव्हतं. ऐकणाऱ्यांनी ते आपापल्या मनात भरलं. म्हणूनच हा दोष पकडणं अवघड जातं. वाक्यातली प्रत्येक गोष्ट तपासली तरी खोटं काही सापडत नाही.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. म्हणजे हेतूसारखा, कारणासारखा दिसणारा, पण खरं कारण नसलेला. गौतमांच्या न्यायसूत्रात पाच हेत्वाभास सांगितले आहेत. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने तेरा तर्कदोषांची यादी केली होती. न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण धुराचं आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. अनुमान बरोबर आहे. पण जो दिसतो तो धूर नसून धुकं असेल तर? जानेवारीत सकाळी द्वारकेतल्या आमच्या बाल्कनीतून समोरची इमारतसुद्धा दिसत नाही. ते धुकं किती आणि धूर किती, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. तेव्हा 'म्हणून' म्हणण्याआधी आपण पाहतो ते नक्की काय आहे, हेही तपासावं लागतं.

न्यायशास्त्रात 'छल' नावाचाही एक प्रकार आहे: शब्द एकाने एका अर्थाने वापरायचा आणि दुसऱ्याने मुद्दाम वेगळ्या अर्थाने घ्यायचा. 'नव कंबल' म्हणजे नवं कांबळं. त्यावर प्रतिवादी म्हणतो, याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत? आमच्या घरी हे मुद्दाम न करताही घडतं. साताऱ्याचे नातेवाईक फोनवर विचारतात, "द्वारकेला राहता, मग समुद्र रोज दिसत असेल?" द्वारका एक गुजरातेत आहे आणि एक दिल्लीच्या मेट्रोच्या निळ्या मार्गावर. नाव एकच आहे, पण आमच्या द्वारकेतून दिसतात ती उतरायला आलेली विमानं.

कावळा आणि फांदी

वहीतली पहिली नोंद लिफ्टची आहे. सोसायटीत नवा गार्ड आला, त्याच आठवड्यात लिफ्ट दोनदा बंद पडली आणि खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "याचा पायगुणच वाईट." एक गोष्ट दुसरीच्या आधी घडली, म्हणून तीच दुसरीचं कारण, हा तो दोष. संस्कृतात याला काकतालीय न्याय असं नाव आहे: कावळा ताडावर बसला आणि नेमकं तेव्हाच फळ पडलं.

'पायगुण' हा शब्द तर या दोषावरच उभा आहे. घरात सून आली आणि सासरे आजारी पडले, की दोष सुनेच्या पायांना. आजी म्हणाली, तिच्या लहानपणी असं बोलणं सोसलेल्या बायका तिने पाहिल्या आहेत. म्हणजे हा दोष गमतीचा नाही, त्यात माणसं भरडली जातात.

यावर दोन प्रश्न विचारायचे. कावळा न बसताही फांदी कधी तुटली आहे का? आणि कावळा बसूनही फांदी तुटली नाही, असं किती वेळा झालं? लिफ्टची नोंदवही पाहिली, तर गार्ड येण्याआधीही ती तीनदा बंद पडली होती. मी डॉर्ममध्ये हाच प्रश्न विचारला असता, तर मित्राने याआधी किती वस्तू स्वतःच हरवल्या होत्या तेही आठवलं असतं.

शितावरून भाताची परीक्षा

ही म्हण स्वयंपाकघरात अगदी बरोबर आहे. एका भांड्यातला तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतो, म्हणून एक शीत दाबलं की भात कळतो. पण माणसं एका भांड्यात शिजलेली नसतात. मेट्रोत एका माणसाने आईला धक्का दिला आणि आई घरी येऊन म्हणाली, "दिल्लीची माणसंच उद्धट." दुसऱ्या दिवशी एका मुलाने उठून आजीला जागा दिली, तेव्हा मात्र "दिल्लीची माणसं चांगली" असं कोणी म्हटलं नाही. आपल्याला हवं तेच शीत आपण दाबून बघतो. दोन-चार उदाहरणांवरून सगळ्यांबद्दल बोलताना विचारायचं: उदाहरणं किती आहेत, आणि ती निवडली कोणी?

लोका सांगे ब्रह्मज्ञान

बाबा म्हणाले, "मोबाईल कमी कर." मी म्हणालो, "तुम्ही पण जेवताना बघताच की." बाबा गप्प झाले आणि मला वाटलं, मी जिंकलो. आजोबांनी वही पुढे सरकवली.

बाबा मोबाईल बघतात, हे खरं आहे. पण त्यामुळे माझा वाया गेलेला वेळ परत येत नाही. सांगणारा स्वतः तसं वागत नाही, यावरून सांगणाऱ्याबद्दल काहीतरी कळतं, सांगितलेल्या गोष्टीबद्दल काहीच कळत नाही. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण सांगणाऱ्याला कोरडा पाषाण म्हणते, ब्रह्मज्ञानाला खोटं म्हणत नाही. या दोषाचा मोठा भाऊ म्हणजे मुद्दा सोडून माणसावर वार करणं: "तू कालचा पोरगा, तुला काय कळतं?" बोलणारा कालचा असेल, पण तो म्हणतो ते आज खरं असू शकतं.

साप साप म्हणून भुई धोपटणे

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका काकांनी सुचवलं की परीक्षेच्या दिवसांत रात्री नऊनंतर आवारात क्रिकेट नको. लगेच दुसरे उठले: "म्हणजे मुलांनी खेळायचंच नाही? दिवसभर घरात कोंडून घ्यायचं?" मग अर्धा तास खेळाचं महत्त्व या विषयावर भाषणं झाली. मुलांनी खेळू नये असं कोणी म्हटलंच नव्हतं. साप नव्हताच, पण भुई मात्र चांगली धोपटून निघाली.

समोरच्याचं म्हणणं ताणून, वाकडं करून मग त्यावर हल्ला करणं सोपं असतं. यावर एक जुनी शिस्त आहे. न्यायशास्त्राच्या ग्रंथांत आधी प्रतिपक्षाचं म्हणणं 'पूर्वपक्ष' म्हणून मांडतात आणि मग उत्तर देतात. आपणही आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगावं आणि त्याला विचारावं, "असंच म्हणायचंय ना?" त्याने हो म्हटल्यावर उत्तर द्यावं. आमच्या मीटिंगमध्ये एवढं केलं असतं, तर काम पाच मिनिटांत झालं असतं.

इकडे आड, तिकडे विहीर

हा दोष आपल्या शाळेत सगळ्यांत जास्त ऐकू येतो: "एनडीए, नाहीतर काहीच नाही." दोनच दरवाजे दाखवायचे आणि बाकीचे पडद्याआड ठेवायचे. प्रत्यक्षात अधिकारी होण्याचे रस्ते बरेच आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेणाऱ्यांसाठी जेईई मेनच्या आधारे टेक्निकल एंट्री आहे. पदवीनंतर यूपीएससीची सीडीएस परीक्षा आहे, हवाई दलासाठी एएफकॅट आहे, एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र असलेल्यांसाठी वेगळी एंट्री आहे. आणि सैन्यात न जाताही चांगलं आयुष्य जगणारी माणसं आपण रोज पाहतो. एनडीएचं स्वप्न माझंही आहे. पण आड आणि विहीर यांच्यामध्ये मोकळी जमीनही असते, हे माहीत असलं की परीक्षेच्या आदल्या रात्री झोप लागते.

पालकांनाही एक विनंती. "आजवर असंच चालत आलं आहे" हेही पुरेसं कारण नाही. एनडीएत मुली नव्हत्या, म्हणून नसाव्यात, असं वर्षानुवर्षं म्हटलं गेलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परीक्षेला बसू दिलं, २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि २०२५ मध्ये १७ जणी तिथून बाहेर पडल्या.

सगळेच म्हणतात

२१ सप्टेंबर १९९५. दिल्लीतल्या एका मंदिरात गणपती दूध पितो, अशी बातमी पहाटे निघाली आणि दुपारपर्यंत देशभर, परदेशातसुद्धा पसरली. आजी सांगते, साताऱ्यातही रांगा लागल्या होत्या आणि तीही वाटी घेऊन उभी होती. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिलं. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे ओढलं जाऊन मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळत होतं. पांढऱ्या दुधात ते दिसत नव्हतं, रंगीत दुधात दिसलं.

श्रद्धा हा वेगळा विषय आहे, आणि आजी आजही रोज पूजा करते. मी तिला विचारलं, तू तेव्हा का गेलीस? ती म्हणाली, "सगळे जात होते." सगळे जातात, हे रांग लांब असण्याचं कारण आहे. रांगेच्या टोकाला जे आहे त्याचा पुरावा तो नाही.

'बाबा वाक्यं प्रमाणम्' हा याचाच दुसरा प्रकार. मोठ्या माणसाने म्हटलं म्हणून खरं. मग डॉक्टरांचं ऐकायचं नाही का? ऐकायचं. पण तीन गोष्टी पाहून: तो विषय त्यांचा आहे का, त्या विषयातले इतर जाणकार तेच म्हणतात का, आणि कारण विचारलं तर ते सांगू शकतात का. हृदयाच्या डॉक्टरांनी हृदयाबद्दल सांगितलं तर ऐकावं. त्यांनीच क्रिकेटचा संघ निवडला, तर ते आपल्याइतकेच जाणकार.

परत आलेली विमानं

आमच्या बाल्कनीवरून विमानं खाली येताना दिसतात. ती बघत बाबांनी मला अब्राहम वॉल्डबद्दल सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अमेरिकी सैन्यासाठी काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांचा एक गट होता, वॉल्ड त्यात होता. मोहिमेवरून परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची छिद्रं असत. सहज वाटतं की जिथे छिद्रं जास्त, तिथे पत्रा जाड करावा. पण ही सगळी विमानं परत आलेली होती. म्हणजे तिथे गोळ्या लागूनही विमान उडू शकतं. ज्या भागावर छिद्रं फारशी दिसत नाहीत, तिथे लागलेली विमानं परतच आली नव्हती. परत आलेल्या विमानांवरून न आलेल्यांबद्दल अंदाज कसा बांधायचा, याचं गणित वॉल्डने मांडलं. पुढे १९५० मध्ये भारताच्या दौऱ्यावर असताना तो नीलगिरीत विमान अपघातातच वारला.

द्वारकेत चौकाचौकांत कोचिंगच्या जाहिराती आहेत. त्यांवर पहिल्या आलेल्यांचे फोटो असतात. "तो रोज चारच तास झोपायचा" असं कोणीतरी सांगतं. चार तास झोपून नापास झालेल्यांचा फोटो कोणी लावत नाही. ती न परतलेली विमानं.

आदेश आणि युक्तिवाद

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर इन्स्ट्रक्टर मला मैदानाला फेऱ्या मारायला लावतील. आदेश हा युक्तिवाद नसतो. "दाहिने मुड" ऐकल्यावर उजवीकडेच का, असं विचारायचं नसतं. आदेश पटवून देण्यासाठी नसतो, वेळेत पाळण्यासाठी असतो. पण आदेशाच्या आधी योजना ठरते आणि नंतर काय चुकलं याची चर्चा होते. त्या दोन्ही जागी कारणं तपासावीच लागतात. तिथे ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं ठरलं, तर त्याची किंमत पुढच्या वेळी सगळ्यांना मोजावी लागते.

पानिपत

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही पानिपतला गेलो. दिल्लीपासून ते साधारण ९० किलोमीटर आहे. शहराबाहेर काला अंब इथे १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचं स्मारक आहे. गाडीत जाताना वाद पेटला आणि माझ्या वहीची चार पानं भरली.

मराठी घरात पानिपतचा विषय निघाला की प्रत्येकाकडे एकच कारण असतं. आजोबा म्हणाले, सैन्याबरोबर यात्रेकरू आणि कुटुंबं नेली म्हणून हरलो. बाबा म्हणाले, रसद तुटली म्हणून. माझ्या मते, गनिमी कावा सोडला म्हणून. ताई म्हणाली, मल्हारराव होळकर निघून गेले म्हणून. सगळे एकाच वेळी बोलत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याचं कारण खोटं ठरलं तरच आपलं खरं ठरेल. एका मोठ्या घटनेला एकच कारण असतं, असं मानणं हाही तर्कदोष आहे.

मग आम्ही एकेक कारण तपासलं. माझ्यापासून सुरुवात झाली. गनिमी कावा सोडून समोरासमोर लढल्यामुळे हरलो, असं असेल, तर त्याच सदाशिवरावभाऊंनी फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याच्या जोरावर निजामाला हरवलं, त्याचं काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण अगदीच खोटं ठरलं नाही, पण ते एकटं पुरत नाही, हे कळलं.

बाबांचं कारण जास्त टिकलं. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये आला. दोन महिन्यांहून जास्त काळ सैन्यं समोरासमोर होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि शत्रूची रसद तोडण्याची आशा संपली. पण रसद तुटली की जास्त तोंडांमुळे उपासमार लवकर येते. म्हणजे आजोबांचं कारण बाबांच्या कारणाला जोडलं गेलं. सूरजमल जाट आधीच परत गेले होते आणि शुजाउद्दौला अब्दालीकडे होता, म्हणून बाहेरून मदत नव्हती. विश्वासराव पडल्यावर सैन्य मोडलं. इथे एकामागून एक घडलं एवढंच नाही, मधली कडीही दिसते: उपाशी सैन्य आणि समोर पडलेला धनी. ज्याला अशी कडी दाखवता येते, ते कारण कावळा आणि फांदीच्या पुढचं असतं.

आणखी दोन दोष सापडले. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितांनी या लढाईची डोळ्यांनी पाहिलेली हकिकत फारसीत लिहिली आहे. मी म्हणालो, "तो शत्रूच्या छावणीत होता, म्हणून खोटं." आजोबा म्हणाले, "तो कुठे उभा होता यावरून सावध राहा. खोटं ठरवायचं असेल तर दुसरा पुरावा आण." दुसरा दोष निकाल माहीत असल्याचा. भाऊ जिंकले असते, तर ज्याला आपण आज हट्ट म्हणतो त्यालाच धैर्य म्हटलं असतं. आणि "पानिपतावर मराठे संपले" हे वाक्य तर पायाला जखम घेऊन तिथून निघालेल्या महादजी शिंद्यांनीच खोडून काढलं. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत होते.

स्मारकाजवळ बाबा म्हणाले, "एकच कारण सांगून मोकळं होणाऱ्या सैन्यात बाकीच्या चुका जशाच्या तशा राहतात." परतीच्या वाटेवर गाडीत फारसं कोणी बोललं नाही.

वहीचं पहिलं पान

आता माझी आणखी एक चूक. आठव्या दिवसापर्यंत मी घरात सगळ्यांना "तर्कदोष!" म्हणून टोकू लागलो होतो. आजोबा म्हणाले, "कानटोपी घाल, शेजारच्यांच्या पुतण्याला टोपी न घालता न्यूमोनिया झाला." मी म्हणालो, "एकाच उदाहरणावरून? शितावरून भात!" आणि टोपी न घालता फिरलो. बाहेर पाच अंश तापमान होतं. माझे कान दिवसभर ठणकत होते. आजोबांचं कारण कच्चं होतं, पण त्यांचं सांगणं बरोबर होतं. कारण चुकलं म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, त्याला फक्त दुसरं कारण शोधावं लागतं.

ताई म्हणाली, "तू ऐकतच नाहीस. नुसता दोष शोधतोस." न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधायला केला तो वाद, जिंकायला केला तो जल्प आणि स्वतः काहीच न मांडता नुसतं समोरच्याचं पाडायचं ती वितंडा. मराठीतला 'वितंडवाद' तिथूनच आला. सुट्टीच्या निम्म्या दिवसांत मी वितंडाच करत होतो. म्हणून मी वहीचं पहिलं पान, जे कोरं ठेवलं होतं, माझ्या स्वतःच्या वाक्यांसाठी राखलं. त्यावर सगळ्यांत वर लिहिलं: "हा आला आणि घड्याळ गेलं." त्याखाली तीन प्रश्न:

१. मला नक्की माहीत काय आहे, आणि मी मनाने भरलं काय?
२. दुसरं कोणतं कारण असू शकतं?
३. माझं चुकलं तर त्याची किंमत कोण मोजेल?

पहिले दोन तर्काचे आहेत. तिसरा तर्काचा नाही, पण तो विचारला की पहिले दोन विचारायची आठवण होते.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच रात्री रोल कॉलनंतर मी त्या मुलाच्या खाटेपाशी गेलो. आरोप सगळ्यांसमोर झाला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. तो "ठीक आहे, सर" म्हणाला आणि बूट पॉलिश करत राहिला. मी वळलो, तेव्हा खाली बघतच म्हणाला, "सर, त्या चार दिवसांत मला कोणी एकदाही विचारलं नाही, तू घेतलंस का म्हणून."

चौथा प्रश्न मी त्या रात्री लिहिला: ज्याच्याबद्दल बोलतोय, त्याला विचारलं का?